पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही: डेस्कटॉप किती उघडायचा आणि काय तपासायचं

लक्षणं

- बटण दाबलं की कॅबिनेटचे पंखे फिरतात, पुढचा दिवा लागतो, मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’ किंवा नुसता काळोख.
- पंखे दोन-तीन सेकंद फिरतात, थांबतात, आपोआप परत फिरतात, आणि हे असंच चालू राहतं.
- एकसारखे बीप वाजतात किंवा मदरबोर्डच्या कडेचा एखादा बारीक दिवा लागून राहतो.
- दिवसात पहिल्यांदा चालू करताना रुसतो. तीन-चार वेळा बटण दाबल्यावर चालू होतो आणि मग दिवसभर तक्रार नाही.
- रॅम काढून परत बसवली की ठीक होतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

विंडोजचं चिन्ह दिसून मग स्क्रीन काळी पडत असेल तर ही पोस्ट तुमच्या कामाची नाही. चिन्ह दिसलं याचा अर्थ मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स या चौघांनी आपलं काम केलंय. तिथे दोष ड्रायव्हरमध्ये किंवा डिस्कमध्ये शोधायचा.

हा दोष मी इतक्या मशीनमध्ये पाहिलाय की एक गोष्ट ठामपणे सांगतो: बहुतेक वेळा काहीही जळलेलं नसतं. कुठेतरी संपर्क सुटलेला असतो. म्हणून सगळं खोलून टेबलावर पसरणं हा सगळ्यात वाईट उपाय. दहा गोष्टी एकदम काढल्या, परत लावल्या आणि मशीन चालू झालं, तर दोष कुठे होता ते कळत नाही आणि पुढच्या खेपेला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका वेळी एकच गोष्ट हलवा, लगेच चालू करून बघा आणि काय झालं ते कागदावर लिहा.

कॅबिनेट न उघडता

मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं येत असतील तर मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यावरचा संशय बराच कमी करा. मग त्याच्या मेनूत जाऊन इनपुट बघा. केबल डिस्प्लेपोर्टची आणि मॉनिटर एचडीएमआयवर अडकलेला, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त वेळा घडतो. केबल दोन्ही टोकांनी काढून परत घट्ट बसवा. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच केबलींना छोटा खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढू नका, नाहीतर पोर्टच उचकटेल. घरात दुसरी केबल असेल तर तीही लावून बघा.

मग कॅबिनेटच्या मागे बघा. यूएसबी आणि आवाजाच्या पोर्टांशेजारी जे डिस्प्ले पोर्ट असतात ते मदरबोर्डचे. त्यांच्या खाली, वेगळ्या आडव्या पट्टीत असतात ते ग्राफिक्स कार्डचे. कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी. साफसफाईनंतर ‘डिस्प्ले गेला’ म्हणून आलेल्या मशीनमध्ये मी पहिल्यांदा हेच बघतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, त्यांच्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या आधीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ते सहसा फक्त ‘जी’ अक्षरवाल्यांत असतं. म्हणजे अशा मशीनमध्ये मदरबोर्डच्या पोर्टला केबल लावून जन्मभर वाट पाहिली तरी काही दिसणार नाही.

कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतोय-विझतोय? मग मशीन आतून बहुधा चालू झालंय आणि अडचण फक्त चित्र बाहेर येण्याची आहे. दिवा ढिम्म असेल तर मशीन त्याआधीच कुठेतरी अडकलंय. पुढच्या सगळ्या तपासणीची दिशा या एका बटणावरून ठरते, म्हणून हे चुकवू नका.

आता कीबोर्ड, माउस, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, सगळं काढा. यूएसबीच्या एखाद्या उपकरणात शॉर्ट असेल तर मदरबोर्ड सुरुवातीलाच थबकू शकतो. पुढच्या पोर्टांत डोकावून बघा, आतली जीभ वाकून पिना एकमेकींना टेकल्या असतील तरी हेच होतं. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून वायर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा.

शेवटी भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. मशीन ‘बंद’ असलं तरी वायर लावलेली असेपर्यंत मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक प्रवाह सतत मिळत असतो. एसएमपीएसचं (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) संरक्षण एखाद्या झटक्याने अडकून बसलं असेल तर ही शिल्लक वीज निघून गेल्यावर ते मोकळं होतं. यानेच मशीन चालू झालं तर आनंद आहे, पण दोष परत आला की पुढे वाचायला या.

आणि हो, नुकतीच डीडीआर५ जातीची रॅम बसवली असेल किंवा बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) बदललं असेल, तर आधी नुसतं थांबा. पहिल्या वेळी मदरबोर्ड रॅमची वेळ जुळवत बसतो आणि काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. घाबरून मध्येच बंद केलं की त्याला परत पहिल्यापासून ते करावं लागतं.

उघडण्याआधी

मागचा एसएमपीएसचा खटका बंद, वायर बाहेर, बाकी सगळ्या केबली बाहेर, पॉवर बटण परत एकदा दाबून धरलेलं. उघडल्यावर मदरबोर्डवर एखादा दिवा लागलेला दिसला तर तो विझेपर्यंत हात घालायचा नाही.

‘अर्थिंग मिळावं म्हणून वायर लावलेलीच ठेवा’ असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. स्थिर विजेपासून वाचायचं तर तुमचं शरीर आणि कॅबिनेट एका पातळीवर असणं महत्त्वाचं आणि त्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावणं पुरतं. वायर लावलेली राहिली आणि मागचा खटका चुकून चालू राहिला, तर होणारं नुकसान मोठं. काम करताना दर थोड्या वेळाने पत्र्याला हात लावत राहा. मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा असेल तर उत्तम. त्यात १ मेगाओहमचा रोधक असतो, म्हणून त्याच्या जागी साधी तार गुंडाळू नका. माणसाला जाणवणारा झटका साधारण ३००० व्होल्टच्या पुढचा असतो आणि चिपला त्याच्या बऱ्याच खाली इजा होऊ शकते. मला काही जाणवलं नाही, म्हणजे काही झालं नाही, असा हिशेब इथे चालत नाही. गालिचा आणि लोकरी कपडे टाळा.

स्टार स्क्रूड्रायव्हर, मोबाइलचा कॅमेरा, मऊ ब्रश आणि स्क्रू ठेवायला एक कोरा कागद, बस. कागदावर कॅबिनेटची ढोबळ आकृती काढा आणि जिथला स्क्रू तिथे ठेवा. डेस्कटॉपमध्ये मुख्यतः दोन जातींचे स्क्रू येतात: जाड आट्यांचे कॅबिनेट, एसएमपीएस आणि साडेतीन इंची हार्ड डिस्कसाठी, बारीक आट्यांचे अडीच इंची एसएसडीसाठी. जाड स्क्रू बारीक भोकात फिरवला की आटे गेलेच. एम.२ एसएसडीचा स्क्रू तर इतका इवलासा असतो की पडला की मदरबोर्डखाली जाऊन बसतो. पडलेला स्क्रू सापडल्याशिवाय मशीन चालू करू नका.

समोरून बघताना डावीकडची बाजू बहुतेक कॅबिनेटमध्ये उघडते, मागचे दोन स्क्रू काढून मागे सरकवायची. काचेची असेल तर कॅबिनेट आडवं करूनच काढा आणि काच कापडावर ठेवा. टफन काच पृष्ठभागावर दणकट असते, पण तिची कड फरशीला टेकली की चुरा व्हायला क्षण लागत नाही.

उघडल्यावर आधी नुसतं बघा

काहीही हलवण्याआधी फोटो काढा: एक पूर्ण आणि प्रत्येक कनेक्टरचा जवळून. त्यातही उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या बारीक वायरींचा, जिथे पॉवर बटण, रीसेट आणि दिव्यांच्या वायरी येतात. या वायरी परत लावताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

आता ओळख करून घ्या. सगळ्यात मोठी पाटी तो मदरबोर्ड. पूर्ण एटीएक्स मदरबोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ गुणिले २४४. मधोमध किंवा थोडा वर पंखा आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), त्याच्याखाली प्रोसेसर. त्याच्या उजवीकडे उभ्या पट्ट्या म्हणजे रॅम. खालच्या आडव्या लांब स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड. कोपऱ्यातला लोखंडी डबा, ज्यातून सगळ्या वायरी निघतात, तो एसएमपीएस. हार्ड डिस्कला आणि एसएसडीला दोन चपट्या जोडण्या येतात: ७ संपर्कांची अरुंद ती डेटाची, १५ संपर्कांची रुंद ती विजेची. मदरबोर्डवरच आडवी पडलेली पट्टी म्हणजे एम.२ एसएसडी, तिच्यावर २२८० असं छापलेलं असेल तर ती २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब आहे.

एसएमपीएसमधून मदरबोर्डला दोन जाड कनेक्टर येतात. उजव्या कडेला २४ पिनांचा, आणि वर डाव्या कोपऱ्यात, हीटसिंकच्या आड, ४ किंवा ८ पिनांचा. दुसरा खास प्रोसेसरसाठी. तो ढिला असेल किंवा लावायचाच राहिला असेल तर पंखे मस्त फिरतात, दिवे लागतात आणि डिस्प्ले येत नाही. पंखे फिरतात म्हणजे वीज सगळीकडे पोचली, असं लोक धरून चालतात. पंख्यांना २४ पिनांच्या कनेक्टरमधली वीज पुरते, प्रोसेसरला नाही. दोन्ही कनेक्टर खटका दाबून काढा, पिना काळवंडल्यात का किंवा प्लास्टिक वितळलंय का बघा आणि खटक्याचा ‘टक’ आवाज येईपर्यंत परत बसवा.

प्रोसेसरभोवतीच्या उभ्या डब्यांवर, म्हणजे कपॅसिटरांवर, टॉर्च मारा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी गळती असलेला एकही दिसला तर पुढचं काही करू नका, तो बोर्ड दुरुस्तीवाल्याचा.

आता एक अशी तपासणी जी फारसं कोणी करत नाही. कोपऱ्यातल्या त्या बारीक वायरींपैकी रीसेटची जोडी काढून टाका आणि चालू करून बघा. कॅबिनेटचं रीसेट बटण धुळीने किंवा झिजून आत अडकलं तर मदरबोर्ड कायम रीसेटमध्ये धरला जातो: पंखे फिरतात, बाकी शांतता. वायर काढल्यावर डिस्प्ले आला तर ती तशीच सुटी राहू द्या, रीसेट बटणावाचून कोणाचं काही अडत नाही. पॉवर बटणावर संशय असेल तर त्याचीही जोडी काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघून नेमक्या त्याच दोन पिना निवडा.

रॅम: इथे वेळ द्या

वीज पूर्ण काढा. रॅमच्या स्लॉटच्या टोकाची क्लिप बाहेर ढकलली की पट्टी थोडी वर उचलली जाते. काही बोर्डांवर क्लिप एकाच टोकाला असते. दुसऱ्या टोकाला जोर लावाल तर प्लास्टिक तुटेल. पट्टी कडांनी धरा, खालच्या सोनेरी संपर्कांना बोट लावू नका.

पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते. डीडीआर३ ला २४० संपर्क, डीडीआर४ ला आणि डीडीआर५ ला २८८. शेवटच्या दोघींची संख्या सारखी असली तरी खाचेची जागा वेगळी आहे. एकीचा स्लॉट दुसरीला चालत नाही. पट्टी बसत नसेल तर जोर हा उपाय नाही, उलटी धरली असेल किंवा जातच वेगळी असेल. स्टिकरवर सहसा जात आणि वेग छापलेला असतो.

उजेडात पट्टी तिरकी धरून संपर्क बघा. चांगले संपर्क एकसारखे चकचकीत दिसतात. दोषी पट्टीवर बऱ्याचदा पांढुरका थर, बोटांच्या ठशांचे डाग किंवा एखाद-दुसरी मंद रेघ दिसते. दमट हवा आणि धूळ मिळून हे करतात. मशीन तापतं, थंड होतं, पट्टी आणि स्लॉट रोज केसभर हलतात, आणि एका संपर्काचा विश्वास उडाला की मदरबोर्ड पुढे जायला नकार देतो. पट्टी काढून परत बसवली की घर्षणाने तो थर जरासा खरवडला जातो, म्हणून लगेच चालू होतो. बाकीचा थर मात्र तिथेच असतो. दर काही आठवड्यांनी परत येणाऱ्या दोषाचं उत्तर इथे आहे: नुसतं काढून घालू नका, स्वच्छ करा.

स्वच्छ करायला ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. संपर्कांवरून एकाच दिशेने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबराचा उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि तो चालतोही, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. दर वेळी रबर घासत राहिलात तर तोच निघून जाईल. अगदीच गरज पडली तर पांढरं मऊ रबर, हलक्या हाताने, कॅबिनेटपासून लांब, म्हणजे भुगा स्लॉटमध्ये पडणार नाही. स्लॉटमधली धूळ कोरड्या ब्रशने आणि दाबाखालच्या हवेच्या डब्याने काढा. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात.

आता एकच पट्टी लावा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट पहिल्या पट्टीचा असतो. पुस्तिकेत तो बहुधा ‘ए२’ म्हणून दाखवलेला असतो. खाच जुळवा, दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सरळ दाबा, क्लिप स्वतःहून मिटली पाहिजे. क्लिप बोटाने मिटवावी लागली तर पट्टी पूर्ण बसलेली नाही. चालू करा. डिस्प्ले आला नाही तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी पट्टी त्याच क्रमाने. पट्टी एक, स्लॉट बदलता. स्लॉट एक, पट्टी बदलती. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब. एकाच स्लॉटला चिकटून राहिला तर स्लॉट खराब, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये एखादी पिन वाकलेली.

रॅम पूर्ण काढूनही एकदा चालू करून बघा. मदरबोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर त्याने बीप करून तक्रार करायला हवी. काही बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार दिवे असतात, त्यातला रॅमचा लागायला हवा. तक्रार आली तर चांगली बातमी, कारण रॅम नाही हे ओळखण्याइतके प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत. स्पीकर असूनही बीप नाही, रॅमचा दिवाही नाही, तर संशय एसएमपीएस, प्रोसेसर आणि बोर्ड या तिघांवर जातो.

ग्राफिक्स कार्ड

आधी त्याच्यावरचे विजेचे कनेक्टर काढा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, म्हणून मोठ्या कार्डांना ६ किंवा ८ पिनांची वेगळी जोडणी लागते आणि ती ढिली असली तरी पंखे फिरतात. मग मागच्या पट्टीचे स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाचा खटका. हा खटका कार्डाखाली दडलेला असतो, न दाबता ओढलंत तर स्लॉट उपटेल. लाकडी पट्टीने दाबा, स्क्रूड्रायव्हर घसरून बोर्डावर ओरखडा जातो.

प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड बाहेर ठेवून, केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावून चालू करा. डिस्प्ले आला तर कार्ड किंवा त्याचा स्लॉट दोषी. जड कार्ड एका टोकाला लोंबत असेल तर हळूहळू स्लॉटमधून सुटतं. त्याला खालून आधार द्या. हेही परत परत येणाऱ्या दोषाचं एक नेहमीचं कारण.

बायोसचा सेल

मदरबोर्डवरचा गोल चपटा सेल बहुधा सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. तारीख-वेळ मागे जात असेल तर तो बदला, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. एकट्या सेलमुळे डिस्प्ले जाणं तसं कमीच, पण बायोसच्या सेटिंगमध्ये गडबड झाली असेल तर मशीन अडकतं. वीज काढून, सेल बाहेर काढून काही मिनिटं थांबलं की सेटिंग मूळपदावर येतं.

एक इशारा, कारण याने लोक खरोखर अडकतात. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) लावलेलं असेल तर बायोस मूळपदावर आल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी नसेल तर सेलला हात लावू नका.

कमीत कमी भागांवर

एवढ्यावर भागलं नाही तर सगळ्या डिस्क, वायफाय कार्ड, पुढच्या यूएसबीच्या वायरी, दिव्यांच्या पट्ट्या, सगळं सोडवा. उरलं पाहिजे: एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, एक रॅम आणि डिस्प्लेसाठी एकच मार्ग. बायोसची स्क्रीन दाखवायला डिस्क लागत नाही. डिस्प्ले आला तर एकेक भाग जोडत जा, ज्याच्या जोडण्याने जाईल तो चोर.

तरीही नाही? मग मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्याच्या कोरड्या खोक्यावर ठेवून चालवा. बोर्डाखाली पितळी पाये असतात. बोर्डाला भोक नाही अशा जागी एखादा पाया राहिला, किंवा एखादा स्क्रू खाली अडकला, तर मागच्या बाजूने शॉर्ट होतो. बाहेर चालला आणि आत नाही, तर दोष कॅबिनेटचा. बोर्ड त्याच्या चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवून चालू करू नका, पिशवीचा पृष्ठभाग वीज वाहू शकतो.

एसएमपीएस

थंड असताना रुसणारं आणि एकदा चालू झालं की दिवसभर चालणारं मशीन दिसलं की माझा पहिला संशय इथे. आतले कपॅसिटर म्हातारे झाले की थंड असताना पुरेसं बळ देत नाहीत.

सगळ्यात भरवशाची चाचणी म्हणजे चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस लावून बघणं. पण त्याच्या स्वतःच्या केबलींसकट. सुट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये डब्याकडच्या टोकाची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. कनेक्टर बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळू शकते.

मल्टिमीटर असेल आणि वापरता येत असेल तर चालू स्थितीत व्होल्ट मोजा: १२ ची रेषा ११.४ ते १२.६ मध्ये, ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. बाहेर असेल तर एसएमपीएस बदला. आत असेल तरी तो निर्दोष ठरत नाही, भार पडल्यावर क्षणभर कोसळणारा व्होल्ट साध्या मीटरला दिसत नाही. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून बघायची जी युक्ती आहे, तीही फक्त एसएमपीएस जागा होतो एवढंच सांगते.

एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट शिल्लक असू शकतात. हा नियम सगळ्यांना लागू आहे, हौशी माणसालाही.

प्रोसेसर

इथवर येऊन बहुतेकांनी थांबावं असं माझं मत आहे. प्रोसेसर क्वचित मरतो, काढताना सॉकेट मात्र सहज मरतो. इंटेलच्या आणि एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये केसासारख्या पिना बोर्डावर असतात. एएमडीच्या एएम४ मध्ये त्या प्रोसेसरखाली. एएम४ चा हीटसिंक सरळ वर ओढला तर दोघांमधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन चालू होत असेल तर थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग वीज काढून हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. परत बसवताना जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसून नवीन लावा, वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरे.

कधी हात काढून घ्यायचा

जळका वास किंवा धूर आला, चालू करताच घरातला एमसीबी पडला, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर त्याच क्षणी वायर काढा आणि परत चालू करून बघू नका. झिणझिण्या असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासा, संगणकवाल्याला नंतर. फुगलेला कपॅसिटर, सॉकेटची वाकलेली पिन, आत सांडलेलं पाणी किंवा चहा, ही कामं घरची नाहीत. वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेरच्या तपासण्या करून कंपनीलाच बोलवा. हार्ड डिस्कमधून ठराविक टकटक येत असेल आणि तिच्यात मोलाचं काही असेल, तर ती डिस्क जोडून मशीन परत परत चालू करू नका. प्रत्येक प्रयत्नाने डेटा परत मिळण्याची शक्यता घटते.

कमीत कमी भागांवरही डिस्प्ले येत नाही आणि बदलून बघायला दुसरा एसएमपीएस किंवा रॅम नाही, तर अंदाजाने सुटे भाग विकत घेऊ नका. दुरुस्तीवाल्याकडे जा, आणि जाताना तो कागद न्या: कोणती पट्टी कोणत्या स्लॉटमध्ये लावल्यावर काय झालं, कोणता दिवा लागला, किती बीप वाजले. ‘चालू होत नाही’ एवढंच सांगितलं तर तो या सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून चढेल आणि त्याचा वेळ तुमच्या बिलात येईल.

डिस्प्ले परत आला असेल तर लगेच झाकण लावू नका. बायोसमध्ये जाऊन लावलेली रॅम पूर्ण दिसते का, प्रोसेसरचं तापमान भराभर चढत नाही ना, ते बघा. मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक निघाली तर पट्ट्या एकेक करून तपासा आणि चूक जिच्यात सापडेल ती बदला. ती कितीही पुसली तरी सुधारणार नाही.